अठरा पानं, एक झाकण

त्या शनिवारी सकाळी ‘इपोह कॉर्नर’मध्ये पुढील गोष्टी होत्या: टेबलं सहा, खुर्च्या अठरा, पैकी एक डुगडुगती, पायाखाली बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात तो पुठ्ठा, केळीची पानं चोवीस, थायलंडहून बर्फासारखी गोठून आलेली, पुष्पम आंटी एक, आणि मागच्या हॉफमध्ये, म्हणजे इमारतीच्या चौकात, बिओटोन, म्हणजे ओल्या कचऱ्याचा डबा, तोही एकच. डबा काठापासून खाली एकोणीस सेंटिमीटर रिकामा होता. हा आकडा ऊर्मिलाने स्वतः पट्टी आत घालून काढला होता.

“ही तुझ्या लॅबमधली पट्टी ना?” आंटीने विचारलं.

“होती,” ऊर्मिला म्हणाली आणि नळाखाली पट्टी दुसऱ्यांदा धुवायला लागली.

ऊर्मिला त्याच आठवड्यात डॉक्टर झाली होती. पेशंट तपासणारी नव्हे, जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या विद्यापीठातली केमिकल इंजिनिअरिंगची. वाळू, साखर, सिमेंट असले दाणेदार पदार्थ नळीतून कसे वाहतात आणि वाहता वाहता मध्येच का तुंबतात, यावर तिने चार वर्षं घालवली होती. त्या चार वर्षांतली निम्म्याहून जास्त जेवणं तिने याच अठरा खुर्च्यांपैकी एकीवर बसून केली होती.

पहिल्या हिवाळ्यात ती इथे शिरली ती केवळ दाराशी नारळाचा वास आला म्हणून. मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवढ्या पैशांत उकडलेला बटाटा आणि त्याच्यावर तपकिरी रस्सा मिळायचा, तेवढ्यातच इथे नासी लेमाक मिळत होता: नारळाच्या दुधात शिजवलेला भात, बाजूला लालभडक संबल, कुरकुरीत तळलेली बारीक मासळी, शेंगदाणे, काकडीच्या चार चकत्या आणि अर्धं उकडलेलं अंडं. संबल म्हणजे मिरचीची चटणी. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं मिरचीमुळे किती आणि घरच्या आठवणीने किती, हे वेगळं काढायची पद्धत अजून निघालेली नाही. अर्ध्या अंड्याचा दुसरा अर्धा भाग भाताखाली लपवलेला होता. तो पुढेही दर वेळी तिथेच असायचा. आंटी त्याबद्दल कधी बोलली नाही आणि ऊर्मिलानेही कधी विचारलं नाही. प्रयोग फसला, यंत्र बिघडलं, प्रोफेसरांनी प्रकरण परत पाठवलं, तरी भाताखाली अर्धं अंडं असायचंच.

तेव्हा डॉक्टर झाल्याची पार्टी कुठे द्यायची, हा प्रश्नच नव्हता. पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी लुडविग्सहाफेनला जाणार होती. जाण्याआधी गावातल्या मराठी मंडळींना इथे जेवू घालायचं, आणि त्यांना या दाराची सवय लावून जायचं, असा तिचा बेत होता.

“तुझ्या माणसांना मी प्लेटमध्ये वाढणार नाही, ला,” आंटी म्हणाली. मलेशियातल्या इपोहची तमिळ बाई ती. तिचं प्रत्येक वाक्य ‘ला’वर येऊन टेकायचं. “केळीचं पान. माझी आई इपोहला वाढायची तसं. इथे बारा वर्षांत कुणासाठी केलं नाही.”

सगळं ठरलं, आमंत्रणं गेली, आणि मग सोमवारी हॉफमध्ये हेर फोल्मर उगवले.

हेर म्हणजे जर्मन ‘श्रीयुत’, आणि हेर फोल्मर म्हणजे घरमालक. सत्तरीचे, उंच, कोटाच्या खिशात कायम सुताराची घडीची पट्टी. वरच्या मजल्यावरून वासाची तक्रार आली होती. आंटीचा हात सढळ, जर्मन गिऱ्हाइकाचं पोट बेताचं. अर्धं अन्न डब्यात जायचं आणि झाकण उघडं राहायचं. फोल्मरांनी पट्टी उलगडून फट मोजली. अकरा सेंटिमीटर.

“आल्झो, तर मग, फ्राउ पुष्पम,” ते शांतपणे म्हणाले, “मी शनिवारी दोन वाजता परत येतो. झाकण पूर्ण बंद नसेल, तर मार्चनंतर करार वाढणार नाही. या जागेसाठी एक सोलारियमवाला विचारतो आहे.” सोलारियम म्हणजे दिव्यांखाली झोपून कातडी सावळी करून घ्यायचं दुकान.

दुसरा डबा मागवला होता, पण तो अर्ज नगरपालिकेत ‘प्रक्रियेत’ होता. दुसऱ्यांच्या डब्यात कचरा टाकणं हा तर त्या देशात जवळजवळ फौजदारी गुन्हा. ऊर्मिला म्हणाली, पार्टी पुढे ढकलू. आंटी म्हणाली, पानं आली आहेत, ला.

मग ऊर्मिलाने गणित मांडलं. नुसती पानं एकोणीस सेंटिमीटरमध्ये जेमतेम बसली असती. पानांबरोबर अन्न गेलं, तर झाकण उघडं. म्हणजे उपाय एकच. तिने मंडळींना व्हॉट्सॲपवर कळवलं: ‘पानात एक शीतही टाकायचं नाही. कृपया. आंटीच्या दुकानाचा प्रश्न आहे.’

जयंतने उत्तर पाठवलं. हा पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर, गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करणारा. सध्या त्याचे आईवडील साताऱ्याहून मुक्कामाला आले होते. ‘बाबा म्हणतात, आमच्या घराण्यात पानात टाकलेलं कुणी पाहिलेलं नाही. निश्चिंत राहा.’

ऊर्मिला निश्चिंत राहिली. तिथेच चुकलं.

बाराचं बोलावणं असल्यामुळे मंडळी साडेबाराला आली. तिला धरून सतरा जण. सहा टेबलं जोडून एक लांब पंगत केली. वयाने सगळ्यांत मोठे म्हणून जयंतचे वडील, दत्तात्रयकाका, टोकाला बसले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या एका बाजूला जयंतची आई वीणाकाकू, दुसऱ्या बाजूला ती डुगडुगती खुर्ची, रिकामी.

आंटीने स्वतः वाढलं. भात, त्यावर डाळ, भोपळ्याची भाजी, कोबी, तळलेलं कारलं, अननसाचं आंबटगोड लोणचं, पापड, वाटीत रसम, आणि खाणाऱ्यांना अंड्याची करी. पहिली काही मिनिटं नुसता पापड मोडल्याचा आवाज. 

“अहो, कारलं बघा,” शेवटी वीणाकाकू म्हणाल्या. “याला म्हणतात कारलं.”

“मग घरी जे करतेस त्याला काय म्हणतात?”

“तुम्ही जेवा.”

“जर्मनीत येऊन केळीच्या पानावर जेवीन असं वाटलं नव्हतं,” काका गहिवरून ऊर्मिलाला म्हणाले. “पोरी, तुला चार वर्षं या बाईने सांभाळली. आम्ही तिला नाव ठेवायला जागा देणार नाही. पान कसं लख्ख करतो बघ.”

त्यांनी पान लख्ख केलं. आंटी आली आणि तिने त्यावर भाताचा डोंगर घातला.

काका कौतुकाने हसले. आग्रह आहे, म्हणाले. दुसरा डोंगर संपवला. तिसरा आला. आता त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले, जसे साताऱ्याच्या कुठल्याही कार्यात धरले असते. आंटीने हातांच्या पलीकडे मोकळी जागा पाहिली आणि तिथे वाढलं.

“नको नको नको!” काका म्हणाले.

आंटी प्रसन्न हसली. लाजणाऱ्या माणसाला कसं जेवू घालायचं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पंगतीत हळूहळू घास लहान होऊ लागले. जयंतने ऊर्मिलाच्या कानाशी लागून विचारलं, “अगं, या बाईंना थांबव ना. माझा चौथा भात चाललाय.”

“मग संपवू नकोस.”

“न संपवून कसं चालेल? तूच मेसेज पाठवलास!”

ऊर्मिला आत स्वयंपाकघरात गेली. “आंटी, पुरे आता. सगळ्यांची पोटं भरली आहेत.”

“पोटं भरली?” आंटीने दारातून पंगतीकडे नजर टाकली आणि मान हलवली. “तुझी माणसं भिडस्त आहेत, ला. मला दिसतं ना.” तिने दुसऱ्या कुकरचं झाकण उघडलं.

आता ऊर्मिलामधली शास्त्रज्ञ जागी झाली. ती जागेवर बसून निरीक्षण करू लागली. पान रिकामं झालं की भात येतो. पानात नुसता भात उरला, तर आंटीला तो कोरडा वाटतो, म्हणून डाळ येते. नुसती डाळ उरली, की ती वाहून जाऊ नये म्हणून भात येतो. दोन्ही उरलं, तर भाजी संपलेली असते. दोन्ही एकाच क्षणी संपवायचं म्हटलं, तर पहिला नियम लागू होतो. या नळीला फक्त आत येण्याचं तोंड होतं. चार वर्षं जो प्रश्न तिने साखरेवर आणि सिमेंटवर अभ्यासला होता, तो आता तिच्या पाहुण्यांच्या पोटात उभा होता.

“उठूया का सरळ?” जयंतने सुचवलं. “हात धुवायला म्हणून जायचं, ते यायचंच नाही.”

“बाबा जेवतायत अजून,” वीणाकाकूंनी डोळे वटारले. “मोठ्यांच्या आधी पंगतीतून उठायचं? जर्मनीत राहून एवढं विसरलास?”

“मग बाबांना उठवा.”

“त्यांच्या पानात भात आहे.”

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांच्या कपाळावर घाम होता. ते एकेक शीत वेचल्यासारखं खात होते, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. आंटी आत वळली, की भराभर चार घास. बाहेर आली, की हात थांबला. पाटबंधारे खात्यात त्यांनी दोन पूर पाहिले होते. त्या दोन्ही वेळी धरणाला दरवाजे होते.

“काका, राहू द्या ना,” ऊर्मिला रडवेली होऊन म्हणाली. “एखादा घास टाकलात तर काही होत नाही.”

“होतं,” काका धापा टाकत म्हणाले. “आज मी घास टाकला की सोळा जण टाकणार. मग ते झाकण? त्या बाईच्या डोक्यावरचं छप्पर घालवून मी साताऱ्याला जाऊ?”

बरोबर दोन वाजता दार उघडलं आणि हेर फोल्मर आत आले.

ऊर्मिलाला वाटलं होतं, तोवर सगळं आटोपलेलं असेल, आणि ती त्यांना सरळ हॉफमध्ये नेईल. पण तिच्याआधी आंटी पोचली. तिच्या दुकानात आलेल्या माणसाला उभं ठेवायची तिला सवय नव्हती. तिने त्यांचा कोट काढून घेतला, त्यांना काकांशेजारच्या डुगडुगत्या खुर्चीवर बसवलं आणि समोर पान मांडलं.

“फक्त पाच मिनिटं,” फोल्मर घड्याळ दाखवत म्हणाले. “मी डबा बघायला आलो आहे.”

“डबा पळून जात नाही, ला.”

फोल्मरांनी काट्याने भात उकरला. भाताखाली अर्धं अंडं निघालं. त्यांनी ते काट्याने उलटून पाहिलं. ऊर्मिलाने आंटीकडे पाहिलं. आंटी पाठ फिरवून पापड आणायला निघाली होती. ज्या माणसामुळे मार्चनंतर तिचं दुकान जायचं होतं, त्याच्याही भाताखाली तिने दुसरा अर्धा भाग लपवला होता. ऊर्मिलाला एकदम नाक ओढावं लागलं. या खेपेला संबलचा त्यात काही हात नव्हता.

फोल्मरांनी पान पुसून घेतल्यासारखं स्वच्छ केलं. आंटीने वाढलं. त्यांनी भुवया वर केल्या, पण तेही संपवलं. आंटीने पुन्हा वाढलं. आता त्यांच्या चेहऱ्यावर जी छाया आली, ती ऊर्मिलाच्या चांगलीच ओळखीची होती. ती तासाभरापासून सोळा चेहऱ्यांवर तीच बघत होती.

“तुम्हाला नको असेल तर ठेवा ना, हेर फोल्मर,” ती जर्मनमध्ये हळूच म्हणाली.

“ठेवू?” फोल्मरांना धक्का बसला. “माझा जन्म सेहेचाळीस सालचा. तेव्हा इथे काही मिळत नव्हतं. ताट रिकामं होईपर्यंत आई टेबलावरून उठू द्यायची नाही. मी आयुष्यात अन्न टाकलेलं नाही. म्हणून तर मला तो डबा बघवत नाही!”

“काय म्हणतो गं?” काकांनी विचारलं.

ऊर्मिलाने मराठीत सांगितलं. काकांनी मान वळवून फोल्मरांच्या घामेजलेल्या कपाळाकडे आणि त्यांच्या पानावरच्या डोंगराकडे पाहिलं.

“सज्जन माणूस आहे,” ते म्हणाले. “त्याला सांग, घाई करू नको. अननसाचं लोणचं मध्ये मध्ये घे, त्याने उतरतं.”

तिने सांगितलं. फोल्मरांनी लोणचं घेतलं, विचार केला आणि काकांकडे बघून गंभीरपणे म्हणाले, “गेनाऊ.” म्हणजे अगदी बरोबर. त्यानंतर ते दोघे वृद्ध खांद्याला खांदा लावून भाताशी झुंजू लागले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आंटी बाहेर आली. तिच्या हातात वाढायचा डाव होता, पण भात नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“तिसरा कुकरही संपला,” ती ऊर्मिलाला म्हणाली. “सोमवारचाही तांदूळ शिजवला मी. आणि तरी बघ. अठराच्या अठरा पानं अजून तशीच. माझी आई असती तर लाजेने दुकान बंद केलं असतं. तुझ्या माणसांना मी उपाशी ठेवलं.”

“उपाशी?” ऊर्मिला ओरडलीच. “आंटी, ही माणसं फुटायच्या बेतात आहेत! तुम्ही वाढत का होता?”

“मग पान उघडं का ठेवलंय?”

सगळ्यांनी आपापल्या पानाकडे पाहिलं.

“म्हणजे?” ऊर्मिलाने विचारलं.

“पान उघडं म्हणजे आणखी वाढा. झालं जेवून, की पान मिटायचं, मध्ये घडी घालून. इपोहला लहान पोरालाही माहीत असतं. तुम्ही इंडियन ना? मी तुम्हाला काय शिकवायचं, ला?”

ऊर्मिलाने ते मराठीत सांगेपर्यंत जयंतने पान मिटलंसुद्धा. जवळची कड धरली आणि समोर दुमडली. आंटीने कपाळाला हात लावला.

“तिकडे नाही! तिकडे मयताच्या घरी!”

“इकडे, इकडे! आपल्याकडे!” वीणाकाकू कडाडल्या. “एवढा इंजिनिअर झालास!”

एकाच वेळी सोळा पानं आपापल्या मालकाकडे वळली. चर्र असा एक सुरेख आवाज झाला. कुणीतरी कमरेचा पट्टा सैल केला. उघडी राहिली दोनच पानं, टोकाची. त्यांत अजून भात होता, आणि त्या दोघांपैकी कुणीही तो तसाच मिटून टाकायला तयार नव्हतं.

आंटी त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. काकांचे चार घास उरले होते, फोल्मरांचे पाच. सगळी पंगत घास मोजत होती. काकांनी तिसरा घास गिळला, मग शेजारी पाहिलं, आणि हात आखडता घेतला. फोल्मर गाठेपर्यंत ते थांबले. शेवटचा घास दोघांनी बरोबर तोंडात घातला. मग काकांनी पानाची वरची कड धरली, फोल्मरांनी त्यांचं बघून आपल्या पानाची धरली, आणि दोघांनीही ती स्वतःकडे दुमडून घेतली.

“आणखी?” आंटीने सवयीने विचारलं.

“नाइन!” हेर फोल्मर म्हणाले, म्हणजे ‘नाही’.

“नाइन!” दत्तात्रयकाका म्हणाले. सहा आठवड्यांच्या मुक्कामात उच्चारलेला हा त्यांचा पहिला जर्मन शब्द.

आंटीने पदरासारख्या ॲप्रनला डोळे पुसले आणि ती ते-तारिक करायला आत गेली, म्हणजे वरून खाली धार धरून फेसाळवलेला दुधाचा चहा. चहाला मात्र घडी घालता येत नाही, हे जयंतने बोलून दाखवलं. त्याला आईने गप्प केलं.

चहानंतर ऊर्मिलाने मिटलेली अठरा पानं एकावर एक रचली. प्रत्येकात कढीपत्ता, दालचिनीचा तुकडा, मिरचीचं देठ, याखेरीज काही नव्हतं. उघडी असती तर त्यांचा भारा कवेत मावला नसता. घडी घातलेली पानं वहीच्या गठ्ठ्यासारखी दोन हातांत बसली. तिने ती हॉफमध्ये नेऊन डब्यात ठेवली. मागोमाग सगळी पंगत, एकेक पायरी जपून उतरत, हॉफमध्ये आली.

हेर फोल्मर डब्यासमोर उभे राहिले. त्यांनी खिशातून घडीची पट्टी काढली आणि वाकायला गेले. वाकता येईना. पुन्हा प्रयत्न केला. काकांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना सरळ केलं.

“फ्राउ डॉक्टर,” फोल्मर धाप टाकत म्हणाले, “तुम्ही मोजता का? प्लीज.”

ऊर्मिलाने पट्टी घेतली. गुडघे टेकून डब्याच्या चारही बाजूंनी फिरली, आणि प्रत्येक बाजूला पट्टीची धार झाकण आणि कड यांच्यामध्ये घालून पाहिली. ती कुठेच आत शिरली नाही. तिने आकडा मोठ्याने वाचला.

शून्य मिलिमीटर.